अप्पांचे खांदेकरी

मन्मथअप्पा भूक असली तरी अर्धी भाकरी ताटात ठेवून उठत. बायको गेल्यापासून ते शेजारच्या गंगाबाईंकडं जेवत. त्या कौतुकानं येसराची आमटी वाढायला लागल्या, की हे ताटावर हात धरत. मग गंगाबाई चिडत.

"माझ्या हाताला चव न्हाई का, अप्पा?"

"चव लय हाय बाई. पन खांदेकऱ्यांचा इचार करायला नको का? वजन वाढलं तर मला उचलनार कोन?"

आमच्या लिंगायतांत माणूस गेला, की त्याला बसवून, सजवलेल्या डोलीत मठाच्या रानात नेतात. डोलीला दणकट खांदे लागतात आणि वालूरकडच्या आमच्या गावात तेच उरले नव्हते. तरणी पोरं पुण्याला गेली, तिथंच त्यांना एकेक लेकरू झालं. मागं राहिलो आम्ही पिकल्या केसांचे. त्यांत सगळ्यात तरुण मी, परभणीहून पेन्शनीत निघून परतलेला!

चैत्रातल्या दुपारी देवळाच्या ओट्यावर लिंबाची फुलं गळत आणि सगळं गाव पेंगत असे. अप्पा डोळे मिटून म्हणत, "ऐक बापू, गल्लीत पोरं खेळायलीत." मी कान देई. होले घुमत असत, बाकी सामसूम. पण अप्पांचा चेहरा असा काही उजळे, की मलाही लांबून कुणीतरी हाका मारल्यासारखं वाटे. त्या गुंगीतून उठावंसंच वाटत नसे.

मुलं त्यांना पुण्याला बोलवत. "गेलो असतो रे," अप्पा म्हणत, "पन तिथं मेल्यावर गाडीत घालतेत. गाडीत पोतं नेतेत. मला मानसाच्या खांद्यावरून जायचंय." त्यांचा हट्ट तेवढाच होता.

यंदा उन्हाळ्यात ते झोपेतच गेले. मुलं आली. थोरल्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, धाकट्याच्या छातीचं. आम्ही म्हाताऱ्यांनीच डोली उचलली, पण वेशीपर्यंत जाता जाता सगळ्यांना धाप लागली, पाय लटपटू लागले. थोरला हळूच म्हणाला, "टेम्पो बोलवू का?" मला रडूच कोसळलं.

गावच्या बायका वेशीतून माघारी फिरतात. गंगाबाई फिरल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला, "सरका भाऊजी," म्हणाल्या आणि माझ्या जागी खांदा दिला. मागोमाग त्यांच्या दोघी जावा आल्या, मग सुताराची शेवंता आली. कुणी अडवलं नाही.

"हळू चला गं," गंगाबाई म्हणाल्या, "अप्पाला धक्का लागायला नको."

मठाच्या रानापर्यंत डोली एकदाही खाली टेकली नाही.