पूररेषेची प्रत

पुनावळ्यात घराच्या पुढच्या खोलीत माझं शिलाईचं दुकान होतं. एका सकाळी अकराच्या सुमारास चौघं जण आत शिरले. एकानं शटर अर्धं खाली ओढलं.

"वहिनी, नकाशा कुठंय?"

"कसला नकाशा?"

मला खरंच माहीत नव्हतं. त्यानं आधी मशीन उलथवलं, मग केस धरून माझं डोकं टेबलावर आपटलं. दुसऱ्यानं उजवा हात टेबलावर दाबला आणि वर लोखंडी गज हाणला. हाड मोडल्याचा आवाज आधी आला, कळ नंतर.

"नवऱ्याला सांग, कोर्टात उभा राहिला तर हातावर भागणार न्हाई."

हे सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन, नकाशे काढायचे. दवाखान्यात मला प्लास्टर चढल्यावर ह्यांनी तोंड उघडलं. एका पुढाऱ्याच्या इमारतींसाठी नदीची पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी जिथवर येतं ती बांधकामबंदीची हद्द, कचेरीनं नकाशात मागे सरकवली होती. मूळ नकाशा गोपनीय म्हणून कपाटात बंद. ह्यांनी त्याची प्रत काढून त्या इमारतींविरुद्ध कोर्टात गेलेल्या रावेतच्या रहिवाशांच्या वकिलाला दिली होती, आठ महिन्यांपूर्वी.

"आठ महिने? आणि मला एक शब्द नाही?"

"तुला माहीत नसलं तर तुला कोणी हात लावणार नाही, असं वाटलं गं."

मी डाव्या हातानं ह्यांच्या थोबाडीत मारली. वॉर्डातल्या बायका बघत राहिल्या. चौदा वर्षांच्या संसारात ह्यांना कधी अरेतुरे केलं नव्हतं. त्या दिवशी मी ओरडले, "माहीत असतं तर दार तरी लावून बसले असते! तू मला उघड्यावर बसवलंस."

मी दिघीला भावाकडे निघून गेले. तिकडे ह्यांना निलंबित केलं, वर कागद चोरल्याचा गुन्हा दाखल झाला. आठवड्यानं शेजारीणबाईंचा फोन आला, "लवकर या, तुमचं दुकान पाडायला जेसीबी आलाय. अनधिकृत म्हणतायत."

मी पोचले तेव्हा हे जेसीबीपुढे आडवे पडले होते आणि दोन पोलीस त्यांना लाठीनं झोडपत होते. कानातून रक्त येत होतं. राग कुठं गेला कळलं नाही, मी त्यांच्या अंगावर पडले. पुढची लाठी माझ्या प्लास्टरवर बसली. खोली मात्र पाडलीच.

त्या चौघांतल्या एकाला मी ओळखलं होतं. त्याच्या बायकोचे ब्लाउज मीच शिवायचे. जबाबात मी त्याचं नाव सांगितलं. ह्यांनीही कोर्टात साक्ष दिली. इमारतींना स्थगिती मिळाली. मारणारे जामिनावर बाहेर आहेत.

आता आम्ही दिघीत भाड्यानं राहतो. हे चाकणला एका गोदामात शिफ्टमध्ये काम करतात. मला कात्री धरवत नाही. ह्यांचा फोन वाजला की मी विचारते, कोण? हे सांगतात आणि मला खरं वाटत नाही. परवा तर "ताई आहे" म्हणाले, तेव्हा मी फोन हिसकावून भिंतीवर आपटला.

पलीकडे खरंच त्यांची बहीण होती.