आधी घास, मग सुई

बोक्याला शुगर झाली हे घरात पहिल्यांदा मला कळलं, आणि तेही मुंग्यांमुळे. मागच्या अंगणात पपईच्या झाडाखाली तो लघवीला जायचा. तिथे काळ्या मुंग्यांची रांग लागू लागली. आईच्या आजारपणात मोरीत अशाच मुंग्या यायच्या, म्हणून मला ओळखता आलं. शिवाय तो सारखा पाणी प्यायचा. खायचा भरपूर, पण पाठीचे मणके हाताला लागायचे. मागचे पाय टाच टेकवून चालायला लागला, म्हातारा माणूस चपला घासत चालतो तसा.

मी वहिनीला सांगितलं. तिने भावाला हाक मारली.

"ऐकलं का? मांजराले शुगर झाली म्हनते बाई. उद्या पालीले बीपी होईन."

भाऊही हसला. मी तांदूळ निवडत होते, निवडत राहिले. या घरात माझं बोलणं असंच संपतं. नवऱ्याच्या घरून परत आले तेव्हापासून, म्हणजे उणीपुरी तीस वर्षं, मी भावाकडे अमरावतीला आहे. मला कोणी मारत नाही, उपाशी ठेवत नाही. फक्त मी काही बोलले की त्याचा विनोद होतो. मग मी बोलणंच कमी केलं. लोक म्हणतात, लाजाळू आहे. असेनही.

बोका भाचीचा. कॉलेजात असताना तिने तो पिशवीतून आणला आणि नोकरी लागल्यावर पुण्याला जाताना माझ्या मांडीवर ठेवून गेली. मी तिला फोनवर मुंग्यांचं सांगितलं तेव्हा ती हसली नाही. तिने इथल्या जनावरांच्या डॉक्टरला कळवलं, त्यांनी रक्त तपासलं, आणि मी म्हणत होते तेच निघालं. दिवसातून दोनदा इन्सुलिन.

"आत्या, तुला जमेल ना?"

जमेल ना! आईला मी अकरा वर्षं सुया दिल्या. भाऊ सुई पाहिली की खोलीबाहेर जायचा, वहिनीला चक्कर यायची. बाटली हलवायची नाही, तळव्यात फिरवायची, सुईतला बुडबुडा टिचकी मारून वर आणायचा, सगळं माझ्या बोटांना पाठ होतं. बोक्याचं तर आणखी सोपं. मानेमागची कातडी चिमटीत धरायची, तंबू होतो, त्यात सुई. त्याला कळायचंही नाही.

बाटली फ्रिजमध्ये ठेवण्यावरून वहिनीने दोन दिवस तोंड फुगवलं. "देवाच्या दुधाजवळ मांजराची दवाई ठेवते का कोनी?" मी ती स्टीलच्या डब्यात घालून खालच्या खणात सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्यांमागे ठेवली. आईची बाटली वर, दुधाशेजारीच असायची. पण आईची सुईही वहिनीला कुठे आवडत होती.

इतकं करून शुगर उतरेना. डॉक्टरांनी मात्रा वाढवली, पुन्हा वाढवली. मग बोका घास तोंडात घेऊन खाली टाकू लागला. एका बाजूने चावायचा, मध्येच ओरडून ताटलीपासून पळायचा. तोंडाला असा वास की त्याला मांडीवर घेतलं तरी मान फिरवावी लागे. डॉक्टरांनी जबडा उघडून दाखवला. हिरड्या लालभडक, मागचे दात कुजलेले. म्हणाले, तोंडात हा पू आहे तोवर शुगर ताब्यात येणार नाही, दात काढायला लागतील, आणि शुगरच्या जनावराला भूल द्यायची तर अकोल्याला मोठ्या दवाखान्यात न्या.

भाऊ म्हणाला, "बोक्याच्या दातासाठी मी सुट्टी घेऊ?" म्हणून मीच गेले. एकटीने गाडीत बसण्याची माझी ती दुसरी वेळ. पहिल्यांदा बसले होते ती सासरहून परत येताना.

बडनेऱ्याला गाडीत बसले. टोपली मांडीवर, वरून ओढणी बांधलेली. समोरच्या बाईने विचारलं, "काय वो मावशी, कोंबडा हाय का त्यात?"

"बोका आहे."

"कुठं नेऊन राहिल्या त्याले?"

"दात काढायला."

ती शेजारणीला कोपराने ढोसून म्हणाली, "अवो, इथं माह्या बुढ्याचे दात दोन वर्सापासून हालून राहिले, त्याले नाही नेलं कोनी!" सगळा डबा हसला. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. मूर्तिजापूर येईपर्यंत मान वळवली नाही.

अकोल्याच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती, अजून शिकतच असावी. तिने मला खुर्ची दिली आणि विचारायला लागली. किती वाजता सुई देता, किती खातो, पाणी किती पितो, कुठल्या बाजूने चावतो. मी सांगत गेले आणि ती लिहीत गेली. मी अडखळले की ती थांबायची. माझं बोलणं कोणी लिहून घेताना मी पहिल्यांदा पाहिलं. म्हणाली, "मावशी, इतकं नीट सांगणारं कोणी येत नाही आमच्याकडे." मी टोपलीची गाठ सोडत बसले.

सहा दात काढले. बोका दोन दिवस तिथे राहिला, मी दवाखान्याच्या ओट्यावर. निघताना तिने मला समोर बसवून समजावलं. आता पू गेला, शुगर आपोआप उतरेल, म्हणून मात्रा निम्म्याहून कमी केली आहे. आधी खाऊ घालायचं, त्याने खाल्लं हे डोळ्यांनी पाहायचं, मगच सुई. खाल्लं नाही तर सुई नाही. तोल जायला लागला, डोळे फिरवले, तर थांबायचं नाही, हिरड्यांना साखरेचं पाणी किंवा गूळ चोळायचा, मग मला फोन करायचा. "आधी घास, मग सुई. म्हणून दाखवा बरं." मी म्हणून दाखवलं. तिने आपला नंबर कागदावर लिहून दिला.

पंधरा दिवसांत बोका बदलला. अंग चाटू लागला, पाठ मऊ झाली. भिजवलेलं मऊ खाद्य न टाकता खायचा. मुंग्या गेल्या. त्यानंतर आठवड्याने डॉक्टरिणीने फोनवर विचारपूस केली आणि म्हणाली, "सगळं तुमच्यामुळे झालं." त्या दिवशी मी स्वयंपाक करताना एकटीच हसत होते. वहिनीने विचारलं, "काय झालं वो?" मी म्हटलं, काही नाही.

मग भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या.

आमच्याकडे महालक्ष्म्या मोठ्या. सोळा भाज्या, आंबील, पुरण. नैवेद्य दाखवेपर्यंत घरात कोणी चहासुद्धा घेत नाही. सवाष्णींच्या पंगतीत मी बसत नाही, कोणी बसवतही नाही, पण पुरण माझ्याच हातचं लागतं. आंघोळ करून ओल्या लुगड्यात एकदा स्वयंपाकघरात शिरलं की नैवेद्य होईपर्यंत कशाला शिवायचं नाही. मांजराला तर नाहीच. शिवलं तर पुन्हा आंघोळ, आणि केलेलं सगळं टाकून द्यायचं.

बोक्याचं खाद्य म्हणजे मासळीचं. वहिनीने आदल्या दिवशीच ती पिशवी उचलून भावाच्या गाडीच्या डिकीत टाकली. "तीन दिवस हा वास घरात नको." भाऊ सकाळी पाहुणे आणायला बडनेऱ्याला निघाला. वहिनीच्या माहेरची मंडळी अकोल्याहून येणार होती. मी पिशवी मागेपर्यंत तो गाडीत बसला होता.

"आता येतो ना वो. अर्ध्या घंट्यात येतो. आलो की मीच देतो त्याले."

वहिनी आतून हाका मारत होती. आंघोळ करून आत गेले की सुई देता येणार नव्हती. आणि आईला अकरा वर्षं मी सुई आधी दिली होती, जेवण अर्ध्या तासाने. माणसाचं तसंच असतं. त्या सकाळी माझ्या हातांनी आईचाच हिशेब लावला. अर्ध्या तासात भाऊ येईल, घास देईल. मी बोक्याला सुई दिली आणि आंघोळीला गेले.

पाहुण्यांची आगगाडी दोन तास उशिरा होती.

मी पुरण वाटत होते. अकराच्या सुमाराला मागच्या दारात बोका आला. चौकटीला घासत, दारुड्यासारखा. एक पाय उचलला आणि तो कुठे ठेवायचा हेच त्याला कळेना. बसला. मान खाली जायची, पुन्हा वर यायची. मला लगेच समजलं. माझ्यासमोर परातभर पुरण होतं. गुळाचा वास माझ्या कोपरापर्यंत लागला होता.

"वहिनी," मी म्हटलं, "बोटभर गूळ द्यायला पाहिजे त्याला. शुगर उतरली."

"नैवेद्याच्या आधी? मांजराले?" तिने पोळपाटावरून मानसुद्धा उचलली नाही. "बाई, लक्ष्म्या बसल्या घरात. आज तरी तुमचं ते पुरान नका काढू. हे येतच असतीन."

मी गप्प बसले.

हेच मला लिहायचं आहे, बाकी सगळं यासाठीच लिहिलं. मी गप्प बसले आणि पुरण वाटत राहिले. कोणी माझे हात धरले नव्हते. वहिनी मला मारणार नव्हती. फार तर ओरडली असती, पाहुण्यांत चार दिवस सांगितलं असतं. महालक्ष्म्यांना चालणार नाही म्हणून मी थांबले असते तरी एक वेळ समजलं असतं. मी वहिनीच्या तोंडाला भिऊन थांबले. शेजारच्या घरी महालक्ष्म्या नसतात. तिथून चमचाभर साखर मागता आली असती, कोणी नाही म्हटलं नसतं. पण मी शेजारी काही मागायला कधी गेले नाही. ओल्या लुगड्यात, मांजरासाठी साखर द्या म्हणून दारात उभी राहिले तर काय म्हणतील, हा विचार मी केला. बोका दारात मरत होता आणि मी तो विचार केला.

बोका आडवा झाला. पाय झाडायला लागला, तेव्हा कुठे मी उठले. परातीतलं पुरण मुठीत घेतलं आणि बाहेर पळाले. मागे वहिनी किंचाळली, "अवो, बाटवलं सारं! काय केलं हे!" मी त्याचा जबडा उघडला. जिथे दात होते तिथे आता गुलाबी, भरून आलेल्या हिरड्या होत्या. त्यांच्यावर पुरण चोळलं. पुन्हा चोळलं. ते त्याच्या ओठांतून बाहेर आलं. त्याचे डोळे उघडेच होते. भाऊ आला तेव्हा मी तशीच बसले होते.

वहिनीने पाहुण्यांसमोर आवाज केला नाही, मला बाजूला घेऊन इतकंच म्हणाली, "आंघोळ करा अन् पुरन नवं घाला." मी आंघोळ केली. नवं पुरण घातलं. नैवेद्य तीन वाजता झाला. पंगतीत सगळे म्हणाले, पुरण छान झालं आहे. बोक्याला भावाने संध्याकाळी पपईखाली पुरलं.

भाचीला फोन वहिनीने केला. मी बाजूलाच होते. "त्याले ते दात काढनं पचलं नाही वो. भूल चढली असंन त्याले." भाची रडली आणि मग चिडली. मला फोन दे म्हणाली. मी घेतला. "आत्या, मी सांगतच होते ना, ते शिकाऊ लोक आहेत. मी सोडणार नाही त्यांना." मी हुंदका दिला, एवढंच. तिला तो होकार वाटला.

दुसऱ्या दिवशी अकोल्याहून फोन आला. ती डॉक्टरीण. भाची तिला खूप बोलली होती, हे आवाजावरूनच कळत होतं. ती रागावली नव्हती. हळू आवाजात, पहिल्या दिवशी विचारलं तसंच तिने एक एक विचारलं. कधी डुलायला लागला, किती वेळ लागला. मी सांगत गेले. मग म्हणाली, "मावशी, सकाळी सुईआधी त्याने खाल्लं होतं ना?"

वहिनी दारात उभी होती.

"हो," मी म्हटलं.

तिकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "म्हणजे मात्रा मी आणखी कमी करायला हवी होती. माझंच चुकलं, मावशी. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही सगळं नीट केलं होतं." आणि तिने फोन ठेवला.

आता पौष संपत आला. तिथे शुगरचं दुसरं एखादं मांजर येत असेल, आणि ती त्याला मात्रा देताना हात आखडता घेत असेल, लागेल त्याहून कमी देत असेल. तिचा नंबर माझ्याकडे आहे. दुपारी वहिनी झोपते तेव्हा घरात दोन तास कोणी ऐकायला नसतं. रोज ते दोन तास येतात, आणि मी भांडी आवरून फोनपासून लांब, मागच्या पायरीवर जाऊन बसते.