बावांच्या नावाचा कोंबडा

आमच्या परसात कोंबड्यांची एकच जात नांदायची. तांबडी, किडकिडीत, कानाशी पांढरा ठिपका असलेली. म्हसळ्याच्या बाजारातून कोणी चितळी कोंबडी आणून दिली तरी अम्मा ती ठेवायची नाही. चार दिवसांत कालवणात जायची. त्यामुळे दुपारी पोफळींच्या सावलीत सगळी धुळीत लोळत पडली, की कोण कुठली ते ओळखू येत नसे. मी पायरीवर बसून बघत राही. ऊन पानांतून गळे, वाडीपलीकडे समुद्र हळूच घोरे, आणि वाटे, ही दुपार कधी संपणारच नाही.

त्यांतल्या एकाचा मान मात्र मोठा होता. आमच्याकडे घरचा माणूस आगबोटीवर कामाला गेला की त्याच्या नावाने एक कोंबडा सोडत. तो विकायचा नाही, कापायचा नाही. माणूस सुखरूप परतला की त्याने स्वतःच्या हाताने तो हलाल करायचा आणि सगळ्यांनी तांदळाच्या भाकरीबरोबर खायचा. मधेच कोंबडा मेला तर काय, हे कोणी बोलत नसे. बोलायची गरजच नव्हती.

बावा, माझे वडील, आगबोटीवर गेले तेव्हा मी सात वर्षांची होते. त्यांच्या कोंबड्याला चारायचं काम माझं. सकाळी भिजवलेला कोंडा नि कण्या, पावसाळ्यात वारुळातली वाळवी, एरवी सुका जवळा, तोही तीन पाण्यांतून काढून. मीठ कोंबडीच्या जिवावर उठतं, हे अम्माने शंभरदा बजावलं होतं. तो माझ्या तळहातावरचे दाणे टिपायचा आणि मी त्याच्याशी बोलत बसायचे. खरं सांगायचं तर बावांचा चेहरा मला आठवेनासा झाला होता. त्या जागी हळूहळू हा कोंबडाच येऊन बसला होता.

चौथ्या वर्षी पत्र आलं. मौलवींनी वाचून दाखवलं, ईदनंतर येतो. अम्मा शेजारणींना सांगत सुटली, आणि मी, जन्माची फाजील उत्साही, खाराच्या मडक्यातून बांगड्याचा चांगला जाड तुकडा काढून त्याला भरवला. आज मेजवानी नको? तो संध्याकाळपर्यंत पाणीच पीत राहिला. सकाळी बघते तर खुराड्यात पाय ताणून पडलेला.

मी रडलेसुद्धा नाही, इतकी घाबरले. बावांना मीच बुडवलं, असंच मला वाटलं. अम्मा विहिरीवर होती. मी त्याला पोफळीच्या मुळाशी पुरलं, आमची एक खुडूक कोंबडी काखेत मारली आणि वाडीच्या टोकाच्या कोळणीकडे धावले. तिच्या कोंबड्या आमच्याच अंड्यांतून वाढलेल्या. खुडूक देऊन तांबडा कोंबडा घेऊन आले.

"खुडूक मुंगसाने नेली," मी अम्माला सांगितलं.

तिने माझ्याकडे बघितलं, कोंबड्याकडे बघितलं, आणि "नेली तर नेली" म्हणून तांदूळ निवडायला बसली. सुटले, म्हटलं.

बावा आले. उंच, अनोळखी, अंगाला तेलाचा नि कोळशाचा वास. कोंबडा त्यांनीच हलाल केला. मी डोळे गच्च मिटून घेतले होते. जेवताना पहिला घास चावता चावता ते थांबले.

"चार वर्सांचा कोंबडा नि येवढा कोवळा?"

अम्मा वाढत होती, ती वाढतच राहिली.

"पोरीनं जिवापाड चारलाय," ती म्हणाली.

मागल्या दारी ती भांडी घासायला बसली तेव्हा मला राहवेना. तिच्या पाठीला मिठी मारून मी भडाभडा सगळं सांगितलं. बांगडा, पोफळ, कोळीण, सगळं. राखेचे हात तसेच धरून तिने ऐकून घेतलं.

"तू येकच पुरलास," ती म्हणाली. "माझे दोन हायत, विहिरीमागं."