रडायला शिकवणारा क्लास

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. मी तेव्हा डोंबिवली पूर्वेला एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. मानपाड्याचा आमचा एक खबरी सकाळीच येऊन म्हणाला, "साहेब, आमच्या वरच्या माळ्यावर इंग्रजीचा क्लास आहे ना, तिकडे इंग्रजी नाय शिकवत. बायकांना रडायला शिकवतात."

मला हसू आलं, पण महिला हवालदाराला घेऊन साध्या कपड्यांत गेलो. आत एक व्हिसा एजंट साहेबाच्या ऐटीत बसला होता. "पक्षाचे गुंड म्हटलं की थांबायचं, मग डोळे पुसायचे," असं तो समोरच्या तिशीतल्या बाईला बजावत होता.

दोघांना ठाण्यात आणलं. एजंट घडाघडा बोलला. बाईच्या नवऱ्याने परदेशात, जिवाला धोका म्हणून संरक्षणाचा व्हिसा मागितला होता. अर्ज फेटाळला गेला होता आणि अपील तिथल्या न्यायाधिकरणापुढे होतं. दुसऱ्या दिवशी व्हिडिओवर बाईची साक्ष होणार होती.

"ते लोक हेच विचारतात साहेब. भीती कुणाची, पोलिसांकडे का नाही गेलात, आपल्याच देशात दुसऱ्या शहरात का नाही राहिलात. नवरा-बायकोचं जुळलं नाही की खेळ खल्लास. मी फक्त जुळवून देतो."

ही गुंडांची गोष्ट या महाभागाने आणखी किती जणांना विकली होती, देव जाणे.

मी बाईकडे वळलो. पाठ केलेला जबाब शेवटाकडून विचारला की उसवतो, ही आमची जुनी रीत. "गुंडांचा मार खाऊन नवरा घरी आला. मग काय केलंत?"

ती म्हणाली, "दाराला कपाट लावलं. भावांना घर माहीत झालेलं."

"कुठले भाऊ?"

"अगं ए!" एजंट ओरडला. हवालदारबाईंनी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं.

मग खरं बाहेर आलं. तिने वेगळ्या समाजातल्या मुलाशी लग्न केलं होतं. भावांनी शहाडला त्याच्यावर कोयता चालवला, त्यात त्याची दोन बोटं गेली. दोघं नाशिकला पळाले, तर भाऊ तिथेही पोहोचले. शेवटी परदेशी जायला साधा पर्यटक व्हिसा मिळाला, तोही एकट्या नवऱ्याला; संरक्षण त्याने तिकडे पोहोचल्यावर मागितलं. एजंटने सांगितलं, घरगुती भांडण तिकडे चालत नाही, गुंड सांगा.

"पोलिसांकडे नाही गेलात?"

"हल्ल्याच्या आधीच गेलेलो ना. तिकडच्या ठाण्यातल्या साहेबांनी समेट करायला भावांना बोलावलं. आणि त्यांच्यासमोरच मला विचारलं, राहतेस कुठे?"

माझी मान खाली गेली. न्यायाधिकरणाला हवं असलेलं उत्तर हेच होतं. "हे सगळं उद्या सांगा," मी म्हणालो.

"आधी खोटं लिहून दिलंय. आता कोण मानणार? त्याला परत पाठवलं तर भाऊ सोडायचे नाहीत. आणि पोलिसांविरुद्ध बोलले तर तुम्ही मलाच आत टाकाल."

"नाही टाकणार. एक शब्द गाळू नका."

संध्याकाळी भावांवर गुन्हा दाखल केला, पण तोवर ते पसार झाले होते. एका वरिष्ठांचा फोन आला, "खात्याची अब्रू परदेशात कशाला घालवता?" मी म्हणालो, "सर, अब्रू त्या समेटातच गेली."

दुसऱ्या दिवशी ती आपल्या राहत्या खोलीत व्हिडिओवर साक्ष देत होती आणि मी जिन्यात उभा होतो. खालून कुणी वर येऊ लागलं की हात कमरेच्या पिस्तुलाकडे जायचा. दाराआडून तिचा आवाज येत होता. ती अडखळत होती, मागे जात होती, चुकलेलं दुरुस्त करत होती.

काही महिन्यांनी निकाल लागला. नवऱ्याला संरक्षण मिळालं. हे सांगायला ती ठाण्यात आली, तेव्हा मी अभिनंदन केलं. ती म्हणाली, "न्यायाधिकरणातल्या त्या बाईंनी खोटं लिहिल्याबद्दल मला झापलं साहेब, पण शेवटपर्यंत बोलू दिलं. इथे कुणी एवढं ऐकलं असतं ना, तर माझा माणूस इथेच असता."

समेट घडवायची आम्हा पोलिसांना फार घाई, कारण प्रकरण लवकर मिटतं. त्यानंतर जिवाच्या भीतीने ठाण्यात आलेल्या प्रत्येकाला मी आधी एकट्याला बसवून ऐकून घेतलं. पण तिला न्याय द्यायला परका देश लागला, याची मला अजून लाज वाटते.