केळी बाहेर ठेवा

माझं रोह्याच्या बाजारात फळांचं दुकान आहे. सफरचंदं मी नागोठण्याजवळच्या एका कोल्ड स्टोरेजमधून उचलतो. तिथला ऑपरेटर पन्नाशीचा, आवाज कायम दबका. खोली उघडण्याआधी तो दाराला कान लावतो आणि बोटाने दोनदा टकटक करतो.

"श्वास घेतात ती," एकदा मला म्हणाला. "आतली हवा कमी केली की हळू घेतात, म्हणून टिकतात. जागी झाली की म्हातारी व्हायला लागतात."

माझ्या टेंपोत पिकलेली केळी असली, तर तो टेंपो फाटकाबाहेरच उभा करायला सांगतो. केळ्यांजवळ सफरचंदं लवकर पिकतात हे खरंच आहे, आणि त्याच्याकडचा माल उन्हाळ्यातही कडक निघतो. म्हणून मी त्याला कधी हसलो नाही.

परवा त्याची आई आजारी असल्याचं कळलं. डझनभर केळी घेऊन मी निडीला त्याच्या घरी गेलो. त्याने मला पडवीतच अडवलं.

"केळी बाहेर ठेवा, शेठ."

आईच्या खोलीचं दार आणि खिडकी पडवीतच उघडत होती. दोन्ही बंद. फटींवर चिकटपट्टी लावलेली, नीट, दुहेरी. त्याने दाराला कान लावला आणि दोनदा टकटक केलं.

"हळू घेते हाय," तो समाधानाने म्हणाला.

"अहो, वेड लागलंय का? उघडा ते आधी!" मी ओरडलो.

आतून बारीक आवाज आला, "कोण हाय रं? दार उघड ना."

तो माझ्याकडे वळला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला.

"केलीत ना जागी?"