कॅप्सूलची भुकटी

सत्तरच्या दशकात नरखेडकडच्या आमच्या संत्र्याच्या बागेत कुणालाही लागलं की औषध ठरलेलं होतं. लाल-काळी कॅप्सूल फोडायची आणि आतली पिवळी भुकटी जखमेवर भुरभुरायची. पानठेल्यावरही ती सुटी मिळे. ताप आला तर एक-दोन गिळायच्या, उतरला की बंद. जास्त घेतली तर म्हणे गरम पडते.

माझ्या थोरल्या भावाच्या पायावर कुदळ बसली, तेव्हाही हेच. जखम वरून सुकायची, आतून पिकायची, की पुन्हा भुकटी. पावसाळाभर हाच प्रकार. मी नागपुरात संत्र्यांचा व्यापार करायचो. डॉक्टरला दाखव, असा निरोप धाडला की उत्तर यायचं, "त्याले म्हणा, तू संत्री इक."

घोट्यापर्यंत पाय काळानिळा झाला तेव्हा मीच त्याला उचलून धरमपेठेतल्या डॉक्टरांकडे आणलं. त्यांनी पू तपासायला पाठवला. अहवाल आल्यावर ते माझ्यावरच खेकसले, जणू मीच भुकटी विकत होतो!

"अर्धवट औषधानं कच्चे जंतू मेले, चिवट उरले आणि तेच वाढले. या कॅप्सूलला ते आता जुमानत नाहीत. एक इंजेक्शन लागू पडेल असं दिसतंय. तेही मध्येच सोडलंत तर पाय जाईल. आणि बागेत सांगा, जखम उकळलेल्या पाण्यानं धुवा. डॉक्टरनं दिल्याशिवाय कॅप्सूल नाही, दिली तर पुरी घ्यायची."

सडलेली दोन बोटं त्याच दिवशी काढावी लागली. थोड्याच दिवसांत ताप गेला आणि भाऊ धोतर सावरत उठला.

"चांगला झालो ना गा मी! आता काहून टोचून राहिले? डॉक्टरले म्हण, निम्म्यात मिटव. मंडीत त मोठा भाव पाडतं!"

भाव पाडूनच मी घर उभं केलं. पण कुठं ताणायचं आणि कुठं मुकाट्यानं मान्य करायचं, हे कळत होतं म्हणून.

"दादा, हे संत्रं नोहे! खाटेवरून उतरशीन त दुसरा पाय मीच मोडीन!"

ऐन मोसमात धंदा सोडून, शेवटचं इंजेक्शन होईपर्यंत मी दवाखान्यात त्याच्या खोलीच्या दारात स्टूल टाकून बसलो. पाय वाचला. त्याच पायानं तो एसटीत चढला आणि माझ्या देखत शेजारच्याला म्हणाला, "डॉक्टर चांगला होता गा. बोटं यानं कापवली."