बुरुजाची माती

चीनमधल्या शानदानच्या पश्चिमेला, जुन्या सरहद्दीच्या रस्त्याकडेला मातीचे बुरूज उभे आहेत. त्यांतला एक, मेंढपाळ दोऊ योंगथाईच्या मेंढवाड्याची मागची भिंत होता. शत्रू दिसला की वर जाळ करून धूर काढायचा, एवढंच त्या बुरुजाचं काम. शत्रू यायचे थांबल्याला काही शतकं झाली होती. तेव्हापासून तो वारा अडवत होता.

एका वसंतात जुन्या वास्तू जपणाऱ्या सरकारी कचेरीतले लोक आले. त्यांनी बुरुजापाशी दगडी पाटी पुरली, मेंढवाडा पलीकडे हलवायला लावला आणि राखणदार म्हणून योंगथाईलाच नेमलं, कारण तो तसाही तिथेच असायचा. त्याच्या दंडावर लाल पट्टी आली. ती तो जेवतानाही काढत नसे.

राखण करावी असं फारसं काही घडत नव्हतं. एकदा एक ट्रकवाला बुरुजाच्या आडोशाला लघवीला उभा राहिला.

"रस्त्यापलीकडे जा," योंगथाई म्हणाला.

"काका, माळ इथूनतिथून सारखाच."

"तिकडचा सारखा आहे. हा मिंग राजांचा आहे."

ट्रकवाला पलीकडे गेला.

शरदात मेंढ्या घेऊन तो बुरुजाच्या मागून आला, तर बायको श्यूछिन कुदळीनं पायथा उकरत होती. शेजारी टोपली अर्धी भरलेली.

"काय चाललंय?"

"चूल तडकलीय. आपल्या शेतातली माती खारट, टिकत नाही."

"ही घेता येत नाही."

"गेल्या वर्षी येत होती."

"आता सरकारी आहे."

"तुमच्या आईनं चूल, निजायचा ओटा आणि डुकरांचं खोपटं याच मातीचं केलं. तेही उकरून आणू?"

हा प्रश्न योंगथाईलाही पडला होता. दुसऱ्या कुणाला पडू नये एवढीच त्याची इच्छा होती.

"आधीचं राहू दे. टोपली ओत."

"दंडावर पट्टी आहे म्हणून बोलताय."

त्यानं पट्टीकडे पाहिलं. "हो," तो म्हणाला.

तिनं टोपली ओतली. त्यानं पाणी आणून माती भिजवली आणि खड्ड्यात ठोकून बसवली. "डावीकडे फुगवटा राहिलाय," ती म्हणाली. राहिला होता.

चूल खारट मातीनंच लिंपली. थंडी पडेस्तोवर ती पुन्हा तडकली आणि घरभर धूर झाला. येईल त्याला श्यूछिन शांतपणे सांगायची, "आमच्याकडे सरकारी माणूस आहे. डोळे पुसा नि बसा." शेवटी योंगथाई तीनचाकी घेऊन तिच्या माहेरी गेला आणि नदीकाठची चिकणमाती घेऊन आला. चूल त्यानं स्वतः घातली. श्यूछिननं ती मोडून पुन्हा घातली. त्या संध्याकाळी दोघांनी मटणाच्या रश्शातल्या शेवया खाल्ल्या. मातीचा विषय निघाला नाही.

पुढे त्याचे गुडघे गेले. कचेरीतल्या माणसानं विचारलं, "आता कोण बघणार?"

"कुणी नाही," योंगथाई म्हणाला.

श्यूछिननं हात पुढे केला. पट्टी तिला घट्ट बसली.

दुसऱ्याच दिवशी तिला नवरा बुरुजाला पाठ टेकून बसलेला दिसला.

"सुनलिनचे बाबा, उठा."

"ऊन खातोय."

"घराच्या भिंतीला बसून खा."

तिनं हात दिला. त्याला उठायला वेळ लागला, तोवर ती थांबली. मग तिनं त्याला वळवलं आणि पाठीला लागलेली माती तिथेच, बुरुजाच्या पायथ्याशी झटकली.